बाईसाहेबांच्या पोटावरचा तीन बाय चारचा चट्टा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे साष्टांग हल्ली कागदावरच जमतो. खरोखरचा घातला तर उठवायला माणूस लागतं, आणि तुझी भावजय म्हणते, मला तेवढंच काम नाही.) तुझी प्रकृती कशी आहे? खोकला गेला का? भाची काय म्हणते, बाळाला दात आले का, आणि जावईबापू अजून घरात शिरण्याआधी दारातच हात, पाय, तोंड आणि छत्री धुतात की आता तुझा धाक जरा कमी झाला? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. ('मजेत' हा शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलाय, ते तुझ्या नजरेतून सुटणार नाहीच.)

फोन न करता पत्र का, असं तू म्हणशील. कारण जन्मापासून आजपर्यंत तू मला एक वाक्य पुरं करू दिलेलं नाहीस. कागदाला मध्येच "मुद्द्याचं बोल" म्हणता येत नाही, हा कागदाचा मोठा गुण. आणि आज मला अडवू नकोसच, ताई, कारण मला कधी एकदा सांगतो असं झालंय. शोध लागला! दोन महिने ज्यानं माझी झोप उडवली, तुझ्या भावजयीच्या घोट्यांची चाळण केली आणि बारा जणांच्या बँडपथकाला भर बागेत एका पायावर उभं केलं, ते कारण मी एका ओल्या पांढऱ्या फडक्यावर पकडून दाखवलं! शाळेत विज्ञानात शंभरपैकी अकरा मिळवलेल्या माणसानं! (ते अकरा तूच आठवडाभर शिकवलंस म्हणून. नाहीतर तेही नव्हते.)

पण शोध सांगायचा तर आधी गुन्हा सांगावा लागतो. गेल्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "बाईसाहेब रमल्या का रे तुझ्याकडे? रमल्या असतील तर मी आता इकडेच राहीन म्हणते. पुढच्या महिनाअखेर घरमालकाला कळवून टाकते, वरच्या खोल्या सोडते म्हणून." आणि मी म्हणालो, "हो, छान रमल्या!" ताई, ते खोटं होतं. त्या खोट्याची लांबी चार इंच, रुंदी तीन इंच, आणि ते बाईसाहेबांच्या पोटावर आहे. (हे पत्र आधी जावईबापूंच्या हाती पडलं तर खुलासा: बाईसाहेब म्हणजे सासूबाईंची पांढरी मांजर. तिला अरे-तुरे केलेलं चालत नाही.) खोटं बोललो त्यामागं वाईट हेतू नव्हता. तू लेकीजवळ सुखात आहेस, नातवाचे लाड करते आहेस, आणि इकडे एका मांजराचे चार केस गळले म्हणून मी तुझ्या सुखात खोडा घालू? म्हणून फोनवर तू "दाखव बघू" म्हणालीस की मी बाईसाहेबांचं फक्त तोंड दाखवत आलो. तोंडावर केस भरपूर आहेत.

आता मुळापासून. जाताना तू स्वयंपाकघराच्या दाराला सतरा कलमांची यादी चिकटवून गेलीस. त्यातलं अकरावं कलम असं: माझा जुना करडा स्वेटर बाईसाहेबांच्या टोपलीत आहे, तो धुवू नये. ताई, तूच सांग. जी बाई साबणाची नवी वडीसुद्धा आधी धुऊन मग वापरते, ती "धुवू नये" असं लिहिते तेव्हा सख्ख्या भावानं काय समजायचं? मी समजलो, बहिणीचा जीव मोठा, भावाला त्रास नको म्हणून लिहिलंय. म्हटलं, असं कसं? तिसऱ्याच दिवशी पातेलंभर पाणी उकळलं आणि स्वेटर त्यात सोडला. चाळीस वर्षं कापडात घालवलेल्या शिंप्यानं लोकर उकळत्या पाण्यात सोडली! दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. प्रेमात माणसाची अक्कल आधी आटते, मग स्वेटर. बाहेर आला तो एवढासा, बशीवर मावेल इतका. बाईसाहेबांनी त्यावर एक पंजा ठेवला, दुसरा ठेवायला जागा नाही हे पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला तूच उभी आहेस असं वाटलं.

मग भरपाई म्हणून मी गादी शिवली. अगं, काय गादी! तेव्हा नेमकं बँडपथकाच्या बारा कोटांचं काम हातात होतं. गडद निळं कापड, कडेला सोनेरी पायपिंग. त्यातलंच उरलेलं कापड घेतलं, चारी कोपरे गोल काढले, आतून दुहेरी शिवण मारली, मध्ये चार कापडी बटणं लावली. आत भरायला मागच्या बोळात कातरणाचं पोतं होतंच. मऊ, उबदार, फुकट. एका गिऱ्हाइकानं तर विचारलं, ही कुठल्या मोठ्या साहेबाच्या खुर्चीची का? गादी मांडली ट्रायलच्या आरशासमोर, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी. बाईसाहेब दोन दिवस तिच्याभोवती फिरल्या आणि तिसऱ्या दिवशी नाइलाजानं बसल्या. मी धन्य झालो.

पंधरा दिवसांनी खाजवणं सुरू झालं. आधी मानेमागं, मग पाठीवर शेपटीच्या मुळाशी, आणि पोट तर चाटून चाटून गुळगुळीत. शिलाई मशीनच्या पायट्यावर केसांचे पुंजके, इस्त्रीखाली केस, माझ्या चहात केस. निळ्या कोटांवर पांढरे केस असे काही बसले की बँडमास्तर पहिल्या ट्रायलला म्हणाला, "कापड चांगलंय, पण एवढ्या लवकर पिकलं कसं?" सल्ले द्यायला तर सगळी गल्ली. शेजारचा घड्याळजी म्हणाला, ऋतू बदलला की केस जायचेच, माझा कुत्रा सहा वर्षं खाजवतोय, त्याला काही झालंय का? (त्या कुत्र्याच्या शेपटीच्या मुळाशी पोळपाटाएवढं टक्कल आहे, आणि तो घड्याळाच्या ठोक्यावर खाजवतो. बारा वाजता बघवत नाही.) तुझी भावजय म्हणाली, खाणं बदला. बदललं. बाईसाहेबांनी नवं खाणं माझ्या चपलेत नेऊन ठेवलं. कुणी सांगितलं, तेल लावा. लावलं. तेलकट बाईसाहेब कापायच्या टेबलावर चढल्या ते थेट दुसऱ्या टोकाला निघाल्या, आणि मधल्या वाटेत एका वकिलाच्या पँटचं कापड होतं.

शेवटी मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. टेप घेतली आणि मापं उतरवली. पाठ: दीड बाय दोन. पोट: दोन बाय अडीच. चट्टा वाढतोय की कमी होतोय हे कळावं म्हणून रोज सकाळी त्याच्या कडेनं मार्किंगच्या खडूची रेघ ओढायची. पांढऱ्या अंगावर पांढरा खडू दिसेना, म्हणून लाल. बाईसाहेब दुपारपर्यंत रेघ चाटून टाकायच्या, मी दुसऱ्या दिवशी अंदाजानं पुन्हा काढायचो, आणि शिंप्याचा अंदाज नेहमी थोडा सैल असतो, हे तुला माहीतच आहे. वहीत चट्टा रोज वाढायला लागला आणि माझी पाचावर धारण बसली. उचलल्या बाईसाहेब आणि गाठली जनावरांची डॉक्टरबाई.

डॉक्टरबाई लहानखुऱ्या, पण आवाज तुझ्यासारखा. बाईसाहेबांना उलटं केलं आणि चेहराच पडला. गोल चट्टा, भोवती लालभडक कडा. "अरे बापरे, हा नायटा दिसतोय!" दिवे मालवले, कसला तरी निळा दिवा लावला, हातमोजे चढवले, मला भिंतीपाशी उभं केलं आणि विचारलं की घरात लहान मूल आहे का, कारण ही बुरशी माणसांनाही लागते. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांनी लाल कडा जराशी खरवडली, चिमटीत धरली, हुंगली, माझ्याकडे बघितलं. म्हटलं, "खडू आहे, बाई." त्या म्हणाल्या, "कुणी लावला?" मी म्हणालो, "मापासाठी." त्यांनी हातमोजे काढले आणि दिवे लावले.

नंतर मात्र त्यांनी बोटं मोजत नीट समजावलं. पिसवा असतील. खरजेचे किडे असतील. बुरशी असेल (खडू सोडून). एखादं खाणं सोसत नसेल, धूळ सोसत नसेल. ग्रंथींचा काही बिघाड असेल. आणि सातवं बोट धरून म्हणाल्या, कधी कधी मनाचंही असतं, मांजरं दुःखात स्वतःला चाटत सुटतात. यावर मी हसलो. मोठ्यानं हसलो, ताई. मांजराला मन! म्हटलं, बाई, आमच्या घरात आधीच जागा कमी, सगळीकडे कापड, तिथं मन कुठं ठेवायचं? त्या हसल्या नाहीत. एवढंच विचारलं, घरात आणखी कुणाला खाजतं का? आता हा प्रश्न कुणाच्या भावाला विचारला जातोय! मी छाती पुढं काढून म्हणालो, अजिबात नाही. त्याच क्षणी बरोबर आलेली तुझी भावजय शेजारी उभी राहून उजव्या चपलेनं डावा घोटा घासत होती. मी तिच्या पायावर पाय ठेवला. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथं खवखवत होतं तिला आणि लपवत होतो मी. डॉक्टरबाईंनी चाटणं थांबावं म्हणून प्लॅस्टिकची कॉलर दिली. ती मी परत केली. शिंप्याच्या घरातलं मांजर तयार कॉलर घालणार? रात्रीतून आत बकरमाचं कडक कापड घालून स्वतः केली, टोकं नीट बसवली. बाईसाहेब त्यात इतक्या रुबाबदार दिसायला लागल्या की गिऱ्हाइकं त्यांनाच माप द्यायला लागली. दोन दिवसांनी त्यांनी ती खाल्ली.

आणि मग आला रविवार! बागेत बँडचा कार्यक्रम. बारा नवे कोट, सोनेरी पायपिंग उन्हात लखलखतंय, मी पहिल्या रांगेत, अभिमानानं फुगलेला. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला दिसलं की बासरीवाल्यानं डावा पाय उचलला आणि बुटानं उजव्या पायाचा घोटा घासला. मग त्याच्या शेजारच्यानं. मग ट्रम्पेटवाले दोघं. दुसऱ्या गाण्यापर्यंत अख्खं पथक बगळ्यांसारखं एका पायावर. लोकांना वाटलं, नवीन पद्धतीची कवायत आहे. टाळ्या! बँडमास्तर काठी फिरवता फिरवता मागं वळून बघतो तर त्याचाही पाय वर. सगळ्यात हाल ढोलवाल्याचे, बिचाऱ्याच्या अंगावर ढोल, दोन्ही हात गुंतलेले आणि एका पायावर तोल राहीना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, किती तल्लीन होऊन वाजवतोय.

ताई, तिथं त्या बाकावर माझ्या डोक्यात उजेड पडला! हे बारा जण एकत्र कुठं आले? माझ्या दुकानात. बूट काढून कुठं उभे राहिले? ट्रायलच्या आरशासमोर. आरशासमोर काय आहे? गादी! कार्यक्रम सोडून पळत घरी आलो (गुडघा विसरून), फणी घेतली, बाईसाहेबांची पाठ विंचरली, पडलेले काळे कण पांढऱ्या फडक्यावर घेतले आणि वर पाण्याचा थेंब सोडला. हे डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, मीच हसण्याच्या भरात विसरलो होतो. काळा कण विरघळला आणि फडक्यावर तांबडा डाग! पिसवांची घाण, म्हणजे पचलेलं रक्त! मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की घड्याळजी डोळ्याचं भिंग न काढता धावत आला. मग गादी उसवली. आणि आतलं बघून मला आठवलं की ते कातरणाचं पोतं मागच्या बोळात आहे, आणि बोळात, त्या पोत्यावर, रोज दुपारी, गेली सहा वर्षं, घड्याळजीचा कुत्रा झोपतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी दोन महिने धूळ, खाणं आणि ऋतू तपासत होतो, आणि पिसवांची वसाहत स्वतःच्या हातानं दुहेरी शिवणीत भरून, सोनेरी पायपिंग लावून, बाईसाहेबांना बहाल केली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, ज्या मांजराला पिसवा सोसत नाहीत त्याला एक चावली तरी पुरते, आणि मांजर चाटता चाटता पिसवा गिळून टाकतं, म्हणून अंगावर सापडत नाहीत. सापडायच्या त्या अंथरुणात. बाईसाहेबांच्या मानेवर औषधाचे थेंब झाले, कुत्र्याच्याही झाले (घड्याळजी सांगतो, आता बाराच्या ठोक्यालाही तो शांत पडून असतो), पोतं आणि गादी गेली, घर उभं-आडवं धुऊन काढलं. तू असतीस तर तुझ्या डोळ्यांचं पारणं फिटलं असतं. पिसवा अंगावर घेऊन गेलेल्या जुन्या पँटींच्या बदल्यात बँडला नव्या पँटी फुकट शिवून दिल्या आणि बँडमास्तरानं ती एका पायाची कवायत कार्यक्रमात कायम ठेवली आहे. आणि बाईसाहेबांची पाठ भरली, ताई! शेपटीचं मूळ भरलं! खाजवणं बंद! वहीत रोज सकाळी मी लिहितो, पाठ: शून्य बाय शून्य.

तर असं आहे. शोध लागला, गुन्हा कबूल झाला, माझं मन हलकं झालं. पोटाचं तेवढं आहे तसं आहे, पण ते काय, होईल. तू इकडची मुळीच काळजी करू नकोस. बाळाला सोडून येण्याचं मनातही आणू नकोस. घरमालकाला काय कळवायचं ते खुशाल कळव. आम्हा सगळ्यांना आता सवय झाली आहे. भाचीला आणि जावईबापूंना आशीर्वाद, बाळाच्या दोन्ही गालांचा पापा (धुऊन घेतलेल्या तोंडानं).

तुझा आज्ञाधारक (अकरावं कलम सोडून),
धाकटा

ता. क. पोटाचं राहिलंच. पिसवा जाऊन महिना झाला तरी पोटावरचा चट्टा तीन बाय चार तो तीन बाय चारच. (आता माप खडूनं नाही, डोळ्यानं घेतो.) डॉक्टरबाईंनी सगळं पुन्हा तपासलं. पिसवा नाहीत, किडे नाहीत, बुरशी नाही. मग विचारलं, चाटते कधी? मी म्हणालो, चार वाजता. दुपारी चारला जिन्याच्या दाराशी जाऊन बसते, वरच्या पायऱ्यांकडे बघते, साडेचारपर्यंत बघते, आणि मग तिथंच बसून पोट चाटायला घेते. त्यांनी विचारलं, चारला काय असायचं? मी सांगितलं की चारला तू कपबशी घेऊन खाली यायचीस. डॉक्टरबाईंनी सातवं बोट वर केलं. यावेळी मी हसलो नाही.

ता. क. दुसरा. म्हणून एक विनंती. त्या म्हणतात, मालकिणीच्या अंगावरचं काहीतरी हवं, वास असलेलं. तर तुझा एखादा स्वेटर पाठव. चार दिवस अंगात घाल, स्वयंपाक कर, बाळाला घे, आणि ताई, हात जोडतो, धुवू नकोस. तुला हे किती जड जाईल ते मला ठाऊक आहे. डोळे मिट आणि पार्सलात कोंब.

ता. क. तिसरा (वेगळ्या अक्षरात). वन्सं, हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, मी उघडून वाचलं. "आम्हाला सवय झाली" हे साफ खोटं आहे. चार वाजता जिन्याच्या दाराशी मांजर एकटं नसतं. हेही शिवण हातात घेऊन तिथंच बसतात आणि दोघंही वर बघतात. यांच्याही डोक्यावरचे केस झपाट्यानं कमी होताहेत. मी मोजलेले नाहीत, पण खडू आणू का विचारलं तर चिडले. बाकी तुम्ही समजूतदार आहात.

ता. क. चौथा आणि शेवटचा. हिनं लिहिलेलं मी खोडणार होतो. खोडलं नाही. माझं वय एकोणसाठ आहे, आणि आई गेल्यापासून माझी बटणंही तूच लावलीस आणि सांभाळलंसही तूच, माणसांनाही आणि मांजरालाही. बाळाला घेऊन भाचीला इकडे सुट्टीला बोलाव, तिच्याकडे तू वर्षातून दोनदा जा, वाटेल ते कर, पण वरच्या खोल्या सोडू नकोस. आणि स्वेटरचाही पुन्हा विचार केल्यावर असं वाटतं की पार्सलात वास उडून जाईल. हे डॉक्टरबाईंनी सांगितलेलं नाही, मीच म्हणतोय. तो पाठवू नकोस. अंगात घालूनच ये.